बोट आली

अरानुई बोटीवरून,
जून महिना (वार विचारू नकोस)

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी उआ हुका बेट मागे पडलं, उद्या सकाळी रांगीरोआ येईल. मधला आजचा दिवस नुसत्या पाण्याचा. आई डेकवर खुर्चीत डोळे मिटून बसली आहे. झोपलीस का विचारलं तर नाही म्हणते. फोनला रेंज नाही, म्हणून कागद घेतला. तुला मी शेवटचं पत्र लिहिलं ते तू हॉस्टेलला असताना, आणि त्यात पैशांशिवाय दुसरा विषय नव्हता. ह्यातही सुरुवात तिथूनच करतो.

ऑकलंडच्या विमानतळावर तू विचारलंस, "बाबा, एवढे पैसे घालून मालवाहू बोटीने कशाला?" तू शोधलेल्या बोटीवर तरणतलाव होते, रात्री नाचगाणी होती, जादूचे प्रयोग होते. मी तेव्हा "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगतो.

आधी वाराचा घोळ. शनिवारी तुझ्याकडून निघालो आणि पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर पापीतीला उतरलो तेव्हा तिथे शुक्रवार होता. तारीखरेषा शाळेत शिकवली होती, पण पोटाला कोण शिकवणार? मग मार्केसस बेटांवर आलो तर तिथलं घड्याळ ताहितीच्या अर्धा तास पुढे. आपल्यापेक्षा बरोबर पंधरा तास मागे. माझं घड्याळ मी भारताच्या वेळेवरच ठेवलं आहे. मोठा काटा अचूक जुळतो, छोट्याचा हिशेब मनात करायचा. एवढ्या लांब येऊन अर्ध्या तासाचा विचित्रपणा आपल्यासारखाच भेटला, ह्याचं मला उगाच बरं वाटलं.

अरानुई म्हणजे ताहितीच्या भाषेत मोठी वाट. बोट पुढून मालवाहू आणि मागून प्रवासी. पुढच्या अर्ध्यात क्रेन आणि तळघरं, मागच्या अर्ध्यात खोल्या आणि जेवणघर. ताहितीहून ईशान्येला साधारण १,४०० किलोमीटरवर ही बेटं आहेत आणि त्यांचं वाणसामान ही बोट नेते. आपण त्या तांदळाच्या पोत्यांसोबत फुकट नव्हे, पण सोबत जातो, एवढंच. वाटेत फाकारावा बेट लागलं. साठेक किलोमीटर लांबीचं खाजण, भोवती पोवळ्याची कड, मोत्यांची शेती. पाणी निळं होतं. निळ्या पाण्याचे फोटो तू पाहिलेच आहेस, त्याहून जास्त मला काही सुचलं नाही. पुढच्या दिवशी मला बोट लागली. आईला नाही. ते ती आता आयुष्यभर सांगेल, तर तू आधीच ऐकून ठेव.

पण ताइओहाएची पहाट ऐक. नुकू हिवा बेटावरचं हे गाव म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात शिरलेली खाडी. पाच वाजता क्रेनचा खडखडाट झाला आणि मी शर्टाची बटणं लावत बाहेर आलो. धक्क्यावर दिवे लावून गाड्या उभ्या. माणसं बोनेटवर बसलेली, पोरं शाळेच्या आधी आलेली. तळघरातून वर यायला लागलं: सिमेंट, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, एक गादी, एक मोटारसायकल, बाटल्यांचे खोके, कुणाचं तरी धुण्याचं यंत्र. प्रत्येक वस्तू हवेत झुलत आली की खालून कोणीतरी हात वर करायचं, ते माझं म्हणून.

निखिल, मी सहा-सात वर्षांचा असताना हर्णैला असाच उभा होतो. रेल्वे नव्हती, आंजर्ल्याहून मुंबई म्हणजे बोटच. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णैला बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि पडाव तिला जाऊन भिडायचे. भोंगा ऐकू आला की "बोट आली, बोट आली" करत आम्ही वाळूतून पळायचो. काकांनी गिरणीतून पाठवलेलं सामान, चहाची पूड, पत्र्याची ट्रंक, कधी स्वतः काका. माझी आजी बोटीत चढताना दोन्ही हात जोडायची. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, पण आमच्या घरात ती दर प्रवासाला नव्याने बुडायची. पावसाळ्यात बोटी बंद. मग श्रावण-भाद्रपदापर्यंत गावाचं तोंड मिटलेलं. तू जन्मलास तेव्हा एस. टी. आमच्या दाराशी येत होती, म्हणून तुला हे माहीत नाही. बोटीतून उतरणं तुला मिळालं असतं, बोटीची वाट बघणं नाही.

तर हे बघायला आलो होतो. जादूचे प्रयोग नको होते.

आता आईची गोष्ट. वटपौर्णिमा नेमकी नुकू हिवाच्या मुक्कामात आली. तिथी भारतातली धरायची की इथली, ह्यावर न्याहारीला अर्धा तास चर्चा झाली, आणि सुदैवाने दोन्हीकडे पौर्णिमाच निघाली. हातिहेउ खोऱ्यात कामुइहेई म्हणून जुनी वस्ती आहे. रानात दगडी चौथरे, कोरीव शिळा, आणि मधोमध एक वड. आपला वटवृक्ष नाही, भाऊबंद, पण पारंब्या इतक्या की आत खोली व्हावी. आईने पर्समधून सुताची गुंडी काढली. तेवढ्यात वाटाड्या सांगू लागला की वड इथे पवित्र, आणि पूर्वजांच्या कवट्या ह्याच्या मुळांत ठेवत. आईने गुंडी परत पर्समध्ये घातली, लांबून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "सात जन्मांचं पुण्यात गेल्यावर बघू."

चौथऱ्यांनी मात्र मला धरून ठेवलं. इथे त्यांना पाएपाए म्हणतात. काळ्या दगडाचे, गाडीएवढे धोंडे, वर घर बांधायचं. रानात शिरावं तिकडे आहेत, आणि वर घर नाही. आपल्या वाडीतले ओस चौथरे आठवले, पण आपली माणसं मुंबईला गेली होती, मनीऑर्डर तरी यायची. ही माणसं मेली. युरोपातल्या बोटींबरोबर रोग येत गेले. १८६३ मध्ये पेरूहून आलेल्या जहाजातून देवी आली आणि नुकू हिवा, उआ पोऊवर घरंच्या घरं संपली. १९२० च्या दशकात सगळ्या बेटांत मिळून दोन हजारांच्या आसपास माणसं उरली होती. आज नऊ हजारांवर आहेत. गोंदणं, नाच, भाषा, सगळं पाद्र्यांनी दडपलेलं. ते आता हट्टाने परत आणतायत. आमच्या बोटीवरच्या खलाशांची पोटरीपासून गळ्यापर्यंत गोंदणं आहेत. २०२४ च्या जुलैत ही बेटं जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि तो ठराव झाला कुठे, तर दिल्लीत भरलेल्या बैठकीत. वाटाड्याला आम्ही भारतातले कळल्यावर त्याने आधी "दिल्ली!" म्हणून हात मिळवला. मी पुण्याचा हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

मला राहून राहून वाटत होतं, ज्या वाटेने देवी आली त्याच वाटेने पीठ येतं. तीच खाडी. आणि तरी पोरं धावतातच. मी धावलो असतो.

हिवा ओआ बेटावर आतुओना गावात सगळे फ्रेंच चित्रकार गोगँच्या कबरीपाशी गेले. १९०१ ला आला, १९०३ ला इथेच मेला. चित्रं मोठी, पण कोवळ्या पोरींशी त्याचं वागणं कळल्यावर मला तिथे फूल ठेवावंसं वाटलं नाही. जवळच जाक ब्रेल ह्या गायकाची कबर आहे, तो १९७८ ला गेला. हा बेल्जियमचा माणूस नाव कमावून इथे आला आणि आपल्या छोट्या विमानातून बेटांवरची टपाल आणि आजारी माणसं ने-आण करायचा. तिथे मी जरा वेळ बसलो.

फातू हिवा बेटाला विमानतळच नाही. तिथल्या ओमोआ गावाला बोट बाहेर उभी राहिली आणि आम्हाला पडावासारख्या सपाट होडक्यात उतरायचं होतं. लाट वर आली की दोन खलाशी दंडाला धरून उचलायचे आणि खाली ठेवायचे. हर्णैला गणूदादा मला खांद्यावर घ्यायचा, तसंच. सत्तरीला पोचून असं उचललं जाणं लाजिरवाणं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

ओमोआच्या बायका सालीचं कापड करतात, तापा. आतली साल भिजवून लाकडी ठोकळ्यावर कुटायची, टप् टप् टप्, गावभर आवाज. वडाच्या सालीचं गडद होतं, निरफणसाच्या सालीचं फिकट तपकिरी. रामायणातली वल्कलं बनतात कशी हे मला ह्या वयात कळलं. निरफणस तर इथलं मुख्य अन्न. भाजतात, कुटतात, खड्ड्यात आंबवून वर्षानुवर्षं ठेवतात. आईने आपल्या तांदळाच्या पिठातल्या कापा खुणांनी समजावल्या, त्या बाईने मान हलवली, पण तिला बहुतेक मासा वाटला. मी कच्चा ट्यूना खाल्ला, लिंबात मुरवलेला, वरून नारळाचं दूध. सोलकढीच्या नात्यातलं काहीतरी, मासा घातलेलं. आई दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

आणि खोबरं. परतीला बोट हेच भरून नेते, शिवाय नोनीची फळं आणि लिंबं. 'कोप्रा' हा शब्द पोर्तुगीजांनी मलबारच्या किनाऱ्यावरून उचलला, आणि इथे मला तो पोत्यांच्या वासातून भेटला. डोळे मिटले तर आपली पडवी. वाळवायच्या मांडवाला इथे सरकतं छप्पर असतं: ऊन पडलं की मागे ढकलायचं, सर आली की ओढायचं. माझी आजी छपरावर पसरलेल्या वाट्या गोळा करायला आम्हाला पिटाळायची. सरकतं छप्पर आपल्याकडे कुणाला का सुचलं नाही, हा प्रश्न मी गावी गेल्यावर नक्की काढणार आहे.

कालचं उआ हुकावरचं वाइपाएई शेवटचं. खाडी इतकी अरुंद की बोट आत गेली तर फिरणार कुठे? खलाशी होड्यांतून दोर घेऊन गेले, दोन्ही बाजूंच्या कातळांना बांधले, आणि कप्तानाने त्या दोरांच्या आधाराने १२६ मीटरचं धूड जागच्या जागी वळवलं. कोणी बोलत नव्हतं. वळून झाल्यावर स्वयंपाक्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

हे पत्र उद्या रांगीरोआच्या टपालात टाकतो. बहुतेक आम्ही आधी पोचू. फातू हिवाच्या एका बाईने आईच्या अंबाड्यात सुगंधी पानांचा तुरा खोवला होता, उमुहेई म्हणतात त्याला: तुळशीच्या जातीचं काही, पुदिना, चंदनाची पूड. आईने तो रुमालात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला आहे. ऑकलंडला तो जाहीर केला नाही तर चारशे डॉलर दंड आहे, आणि जाहीर केला तर बहुधा काढून घेतील. मी दोनदा सांगितलं. ती म्हणते, "वाळलंय ते आता, त्यांना काय कळतंय." जाहीर तर मी करणारच आहे. तेव्हा पत्र मिळेल त्या दिवशी आई माझ्याशी बोलत नसेल, तर कारण तुला कळलं. तू विषय काढू नकोस.

सौ. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
बाबा