आधी अर्थिंग बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल मिनूच्या साखरपुड्याचं बोलता बोलता तू म्हणालीस, "ओल्या हाताने कॉफीच्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात गं," आणि लगेच साड्यांवर गेलीस. फोन ठेवल्यावर मी तुला प्लग काढायचा मेसेज केला, तू नुसता अंगठा पाठवलास. प्लग खरंच काढलास का, ते शब्दांत लिहून कळव. बाकीचं पत्र त्यानंतर वाच.

मुंग्या येतात म्हणजे मशीनच्या पत्र्यावर करंट उतरलाय. त्याला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तो तुझ्यातून जातोय. आत थोडीशी गळती आणि भिंतीत अर्थिंग नाही, या दोन्ही गोष्टी एकदम असल्या की असं होतं. ज्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी असते, त्यांत काही बिघाड नसतानाही विजेच्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून इवलासा करंट पत्र्यावर येतो. तुझा रूममेट तेच सांगत असेल. पण आपल्या मशीनमध्ये पाटीच नाही. थर्मोस्टॅट, स्विच, पंप, सोलेनॉइड वॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारी झडप) आणि बॉयलरची कॉइल, एवढंच आहे. त्यामुळे मला कॉइलवर संशय आहे. कॉइलच्या नळीत तार आणि धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. नळीला बारीकशी चीर गेली किंवा टोकाचं सील गेलं की पुडीत ओल शिरते आणि करंट पाण्यात, पाण्यातून पत्र्यावर येतो. ही गळती आपोआप कमी होत नाही, वाढत जाते.

प्लग काढलेल्या मशीनची तपासणी तू करू शकतेस. ताईआजीच्या कपाटातला पिवळा मल्टिमीटर तुझ्याकडेच आहे. टाकी काढून बाजूला ठेव. मीटर ओहमवर लाव, एक टोक प्लगच्या जाड लांब पिनेला आणि दुसरं मशीनच्या उघड्या स्क्रूला लाव. एक ओहमपेक्षा कमी दाखवायला हवं. जास्त दाखवत असेल तर मशीनच्या आतली हिरवी तार सुटलीय किंवा गंजलीय. मग वरचं झाकण काढ, कॉइलच्या दोन्ही तारा सोडव आणि टोकांमध्ये मोज. ११०० वॅटच्या कॉइलला २३० व्होल्टवर साधारण ४८ ओहम येतात. शेवटी कॉइलचं एक टोक आणि बॉयलरचं पितळ यांच्यामध्ये मोज. मीटरने काहीही आकडा दाखवला तर कॉइल गेली असं समज. काहीच दाखवलं नाही तरी ती चांगली आहे असं ठरत नाही, कारण मल्टिमीटरच्या बॅटरीचा जोर फार कमी असतो. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, बघावं लागतं. मिक्सर-मोटर दुरुस्त करणाऱ्या चांगल्या दुकानात मेगर असतो.

सॉकेटला मात्र तू हात लावू नकोस. वायरमन बोलाव आणि तो काम करत असताना शेजारी उभी राहा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट यायला हवेत. तिथे अगदी शून्य आलं तर सॉकेट उघडायला लाव. जुन्या घरांत कुणीतरी न्यूट्रलवरूनच तुकडा ओढून अर्थच्या भोकात जोडलेला असतो. मीटरला सगळं ठीक दिसतं, आणि ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. अजून एक. मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या अर्थतारेवरही आकडा बरोबर येतो. म्हणून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावून बघायला सांग. तो पूर्ण पेटला पाहिजे. बोर्डावर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडेल, ते चांगलंच.

घरमालक म्हणतील, सगळे एमसीबी नवे आहेत. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरचा, त्यावर टेस्टचं बटण असतं आणि ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. तो अर्थिंग नसतानाही पडतो, पण करंट तुझ्यातून गेल्यावर पडतो. म्हणून दोन्ही हवं. त्यांनी खर्चाचं काढलं तर मी देते, तू वाद घालत बसू नकोस.

आता हे पुरे. मला खरं तर पाण्याबद्दल लिहायचं होतं.

पुण्यात आपण खडकवासल्याच्या पाण्यावर मशीन चालवलं, म्हणून तुला क्षारांची सवय नाही. बंगळुरूला तुमच्या बिल्डिंगच्या संपमध्ये कावेरीचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. महिन्या-महिन्याला ते बदलतं आणि उन्हाळ्यात तर जवळजवळ सगळं बोअरचंच असतं. नळाचं पाणी टाकीत अजिबात घालू नकोस. टीडीएसच्या पेनावरही भिस्त ठेवू नकोस, त्यात मीठ आणि चुना वेगळे कळत नाहीत. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजायचं हार्डनेस किट मिळतं, ते घे. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात ५० ते ८० पीपीएमच्या आसपास असलं तर मशीन सुखात राहतं. नुसतं आरओचं पाणीही बरं नाही. त्यात काहीच उरलेलं नसतं, ते पितळ-तांबं खातं आणि कॉफी पांचट लागते.

सगळ्यात सोपं असं. १० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट, खाद्य दर्जाचं, एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेव. रोजच्या एक लिटर आरओच्या पाण्यात त्यातलं १० मिली घाल, म्हणजे लिटरला ०.१ ग्रॅम पडतं. या पाण्याने क्षार धरत नाहीत, गंजही धरत नाही आणि डीस्केलिंगची, म्हणजे साचलेले क्षार काढायची, कटकट जवळजवळ संपते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणू नकोस, ते पिण्यासाठी नसतं.

क्षार धरले तर नुसती चव जात नाही. कॉइलवर चुन्याचा थर बसला की आतली उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी हवी त्यापेक्षा फार तापते, आणि मग तीच ती चीर. म्हणून म्हणते, प्लग लाव म्हणेपर्यंत लावू नकोस.

हे व्याख्यान झालं, मला कळतंय. तू एकोणतीस वर्षांची आहेस, स्वतःचं घर चालवतेस. मागे ग्रुपचं, म्हणजे हँडल बसतं तिथलं, गॅस्केट तू एकटीने बदललंस आणि फोटो पाठवलास, तो मी बँकेत सगळ्यांना दाखवला होता. जुनं गॅस्केट लाकडासारखं कडक झालं होतं, तू त्यात स्क्रू पिळून ते पक्कडीने ओढून काढलंस, खाच टोकदार काडीने खरवडून स्वच्छ केलीस. असं नीट काम करणारी माणसं कमी असतात. चौथीत होतीस तेव्हापासून स्टीमची नळी पुसणं तुझंच काम होतं. ओट्यावर चढून बसायचीस आणि दूध संपायच्या आधीच ओल्या फडक्याची चौघडी हातात तयार. बाबा मुद्दाम उशीर करायचे आणि तू त्यांना रागवायचीस. तेव्हाही तुझे हात सारखे ओले असायचे, पण इथे भिंतीत अर्थिंग होतं.

नळीचं तेव्हाचंच लक्षात ठेव. वाफ बंद केली की लगेच पूस आणि पुन्हा क्षणभर वाफ सोड. बॉयलर निवताना आत पोकळी होते आणि नळी दूध आत ओढते. त्याहून महत्त्वाचं, दूध फेसाळून झालं की बॉयलरमध्ये पाणी परत भर. तो तीनशे मिलीचा इवलासा बॉयलर. वाफ काढली की पाण्याची पातळी उतरते आणि कॉइलचा वरचा भाग उघडा पडतो. स्टीमचं बटण बंद कर, पंप सुरू करून नॉब उघडा ठेव, नळीतून पाण्याची सलग धार येईपर्यंत. मगच नॉब बंद कर. घाईत हे राहतं आणि कॉइलचं आयुष्य तिथेच संपतं. तू रात्रीच्या शिफ्टनंतर अर्धवट झोपेत कॉफी करतेस, म्हणून लिहिते.

कॉइल बदलायचीच ठरली तर मशीनच्या नावपट्टीवरचा मॉडेल नंबर आणि व्होल्टेज बघून २३० चीच मागव. बॉयलरच्या झाकणाचं गॅस्केट त्याबरोबरच घे, उघडलं की जुनं परत लावायचं नाही. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. जोडल्यावर आधी बॉयलर भरायचा. तापवायचं बटण बंद ठेवून, स्टीमचा नॉब उघडून, पंप चालू. पंप कोरडा फार वेळ चालवू नकोस. मिनिटभरात पाणी आलं नाही तर थांब, दोन मिनिटं निवू दे, मग परत. पाणी आल्यावरच तापव.

साप्ताहिक कामं तुला पाठ आहेत, तेवढी चुकवू नकोस. जाळीचा स्क्रू काढून जाळी आणि तिच्यामागची चकती घासणं, आणि दर पंधरा दिवसांनी बंद (बिनभोकाच्या) बास्केटमध्ये अर्धा चमचा सफाईची पावडर घालून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं सोडून आतली सफाई. दहा सेकंद पंप, बंद, सोलेनॉइडमधून फेस खाली सुटू दे, असं पाचदा, मग तितकंच नुसत्या पाण्याने. हँडल मधल्या रेषेच्या पुढे जायला लागलं किंवा कडेने थेंब आले की गॅस्केट बदलायची वेळ झाली.

आणि मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लाव, एक्स्टेंशन बोर्डावर नाही. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून कुणी दोन पिनांचा अॅडॅप्टर लावून देईल तर घेऊ नकोस. मशीन ओट्यावर सिंकपासून दोन हात लांब ठेव. हात पुसून मग स्विचला लाव. मी हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो आई" म्हणतेस आणि विषय बदलतेस, बाबांसारखी. बाबांनाही गिझरचं मी तीन वेळा सांगितलं होतं. ते असो. तुला त्यांच्या त्या गोष्टीची आठवण करून द्यायची नव्हती, मला माफ कर. फक्त मुंग्या येतात हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

कॉफी पिऊ नकोस असं मी म्हणत नाही. वायरमन येईपर्यंत मोका पॉट गॅसवर लाव, तुझी चिकमगळूरची पूड त्यात छान होते. फक्त थोडी जाड दळ.

रविवारी नंदूमामा उद्यान एक्सप्रेसने येतोय. त्याच्याजवळ मेगर देते, बँकेच्या शेजारच्या दुकानातून मागून घेतलाय. तो स्वतः बघेल, तू त्याला नको म्हणू नकोस. त्याला जेवायला घाल, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. आणि मिनूच्या साखरपुड्याला निळी नेस, हिरवी फार जड आहे.

तुझी,
आई

ता. क. पिशवीत दोन ग्रुप गॅस्केट ठेवली आहेत. जुनं काढण्याआधी तिरपी कडा वर आहे की खाली ते बघून ठेव आणि नवं तसंच बसव. सायट्रिक अॅसिडचं पाकीटही आहे, लिटरला दोन मोठे चमचे. हार्डनेस तपासल्याशिवाय आणि वायरमन येऊन गेल्याशिवाय ते उघडू नकोस. जाड थर असेल तर त्याचे तुकडे सुटून सोलेनॉइडमध्ये अडकतात, मग बॉयलर खोलूनच साफ करावा लागेल.