पान १२९ वरची हत्तीण

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : संचातील तीन पुस्तकांत भलतेच फर्मे (छापील पानांचे गठ्ठे) बांधले गेल्याबद्दल आणि माझी तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल

महोदय,

तुमच्याकडून मी एकाच लेखकाच्या चार पुस्तकांचा संच मागवला होता. एक विनोदी लेखांचे, एक चित्रपटांवरचे, एक इतिहासाचे आणि एक खेळांवरचे. खोका वेळेवर आला, कोपरे शाबूत होते, मुखपृष्ठे देखणी आहेत. तिथवर काही म्हणणे नाही.

इतिहासाचे पुस्तक आधी उघडले. पानिपताचे प्रकरण. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ, डाव्या फळीवर इब्राहिमखान गारदी रोहिल्यांना मागे रेटतोय, मग दिवस कलतो, विश्वासरावांना गोळी लागते. पान १२८ संपते तेव्हा भाऊसाहेब हत्तीवर आहेत. पान उलटले. १२९ वरही हत्तीच! त्यामुळे पहिल्या दोन ओळींत मला काहीच खटकले नाही. तिसऱ्या ओळीत कळले की ही हत्तीण आहे, तिचे नाव बेला, तिला चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेय, आणि ती लंडनच्या ओव्हल मैदानावर फिरतेय. तारीख २४ ऑगस्ट १९७१, दिवस गणेश चतुर्थीचा. मी चष्मा पुसला, पान मागे उलटले, पुन्हा पुढे उलटले. १२८ नंतर १२९ च होते.

झाले काय ते तुमच्या छपाई खात्याला एका वाक्यात कळेल, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. पुस्तके सोळा पानी फर्म्यांची आहेत. आठवा फर्मा १२८ ला संपतो, नववा १२९ ते १४४. तिन्ही पुस्तकांचे नववे फर्मे बांधणीत एकमेकांत गेले आहेत. इतिहासाच्या पुस्तकात खेळांचा फर्मा, खेळांच्या पुस्तकात चित्रपटांचा आणि चित्रपटांच्या पुस्तकात पानिपताचा. पानांचे आकडे ओळीने जुळतात, त्यामुळे रचणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला (कोणी तपासले असेल तर) काही दिसले नाही. जुनी पुस्तके पाहा. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुस्तकाची खूण आणि फर्म्याचा आकडा छापलेला सापडेल. असल्या घोटाळ्यासाठीच ती खूण असायची. तुमच्या पुस्तकांत ती नाही.

आता खेळांच्या पुस्तकात काय झाले ते ऐका. ओव्हलची तीच कसोटी. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलेय, आपल्याला जिंकायला १७३ हव्यात, आणि शेवटच्या दिवशी सकाळी सकाळीच कर्णधार वाडेकर धावबाद. पान १२८ इथे संपते. पुढच्या पानावर वाडेकरांच्या जागी कोण आले? अण्णा साळुंके आले. हे खानावळीत कामाला होते. बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी त्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केले, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोघेही साळुंकेच. एरवी हा किस्सा मी चवीने वाचला असता. पण ९७ धावा बाकी असताना मैदानात सीता उतरली तर माणसाने करायचे काय?

आणि चित्रपटांच्या पुस्तकात १२८ च्या शेवटी फाळके ‘लंकादहन’च्या तयारीला लागतात. पान उलटले की घोड्यावर बसून गर्दीत शिरतात आणि दिसेनासे होतात. अर्थात घोड्यावर बसलेले भाऊसाहेब आहेत. पण वाक्याला तोवर दुसरा कर्ता मिळालेला असतो.

इथवर मीही हसलो, खोटे का बोलू. हसू थांबले ते इतिहासाच्या पुस्तकात १४४ वरून १४५ वर जाताना. १४४ वर अबिद अली विजयाचा चौकार मारतो, ड्रेसिंग रूममध्ये झोपी गेलेल्या वाडेकरांना उठवून सामना जिंकल्याचे सांगतात. १४५ वर थेट दोन मोत्ये गळाल्याचा निरोप. या लेखकाला मी दिवाळी अंकांपासून वाचत आलोय. विनोदी लेखक इतिहास लिहायला बसला की वाचणारे आधीच हसायच्या बेतात असतात, हे त्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून पानिपतात तो एकही कोटी करत नाही. वाक्ये लहान होत जातात, विशेषणे गळतात, आणि तो निरोप येतो तेव्हा वाचणारा गप्प झालेला असतो. ही सोळा पानांची चढण तुम्ही मधून काढून घेतलीत आणि तिथे चौकार ठेवलात.

आता तुमच्या सेवेबद्दल. तक्रार नोंदवताना तुमच्या ॲपने तीन पर्याय दिले : ‘फाटलेले’, ‘भिजलेले’, ‘वेगळी वस्तू आली’. मी तिसरा निवडला. दोन दिवसांनी पुस्तके न्यायला एक मुलगा आला. दारातच उभे राहून त्याने तिन्ही पुस्तकांच्या पाठीवरचा बारकोड मोबाइलने टिपला, तिन्हीवर हिरवी खूण आली. “काका, वस्तू बरोबर आहे की!” मी पान १२९ उघडून दाखवले. त्याने ते उभ्याउभ्या अर्धे वाचले, त्याला आवडले असावे, पण म्हणाला, “आत काय लिहिलंय ते आम्हाला बघायचं नसतं.” त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्यानंतर तुमच्याकडून आलेल्या दोन उत्तरांवर.

पहिल्या उत्तरात तुम्ही लिहिलेत की सदर लेखक विविध विषयांवर लिहीत असल्याने पुस्तकात अनेक विषय येणे स्वाभाविक आहे. मी हे घरात मोठ्याने वाचून दाखवले. साहेब, लेखक अष्टपैलू आहे, बाइंडर नाही. चार विषय लिहिणाऱ्याला चारही ठिकाणी वेगळा आवाज लावावा लागतो आणि एकाची सवय दुसऱ्यात सांडू द्यायची नसते. त्याने आयुष्यभर जे वेगळे ठेवले ते तुमच्याकडे एका दुपारी एकत्र झाले. तुमच्या यादीतही ही चारही पुस्तके ‘विनोद’ या एकाच सदरात टाकली आहेत. पानिपत विनोदात! तेव्हा मूळ रोग तिथलाच असावा अशी मला शंका आहे.

दुसरे उत्तर फोनवर मिळाले. तुमच्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे सर, एकही पान हरवलेलं नाहीये. सगळी पानं संचात आहेतच.” क्षणभर मला उत्तर सुचले नाही. हिशेबाने त्या बरोबर होत्या. मी तसे वाचूनही पाहिले : पानिपत १२८ पर्यंत, मग चित्रपटांच्या पुस्तकात १२९ ते १४४, मग परत पानिपत. एक बोट इकडे, एक तिकडे. पण हा संच माझ्या कपाटात एकत्र राहायचा नव्हता. इतिहासाचे पुस्तक भाच्यासाठी आहे, चित्रपटांचे बहिणीसाठी, खेळांचे नातीसाठी. विनोदाचे तेवढे मी ठेवणार होतो (ते सुखरूप आहे, बाकीच्या तिघांपुढे जरा फिके वाटले, पण त्यात लेखकाचा दोष नाही). आता पानिपतावर भाऊसाहेबांचे पुढे काय झाले हे कळायला भाच्याने दर वेळी मावशीकडे जावे, अशी तुमची अपेक्षा आहे काय?

त्या फोननंतर तासाभरात ‘तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे’ असा संदेश आला. त्याखाली पाच चांदण्या. मी एकही दाबलेली नाही.

माझी मागणी साधी आहे. तिन्ही पुस्तकांच्या नव्या प्रती पाठवा, आणि पाठवण्याआधी कोणीतरी त्या उघडून पाहा. या छपाईच्या बाकीच्या प्रतीही तपासा, कारण हा गोंधळ माझ्या एकट्याच्या खोक्यात झाला असेल असे मला वाटत नाही. नव्या प्रती शिल्लक नसतील तर पूर्ण संचाचे पैसे परत करा. संच म्हणून विकलात, तेव्हा परतही संच म्हणूनच घ्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवे. म्हणून हे पत्र त्यांच्याही नावे पाठवत आहे. महिना उलटला तर ग्राहक आयोगाकडे जाईन. तिन्ही पुस्तके पुरावा म्हणून जपून ठेवली आहेत, पान १२९ वर खुणेची चिठ्ठी घालून.

नव्या प्रती घेऊन तोच मुलगा आला तर बरे. त्याला मी ओव्हलची उरलेली पाने वाचायला देईन, त्याची ती अर्धीच राहिली आहेत.

आपला,
एक ग्राहक

सोबत : तिन्ही पुस्तकांच्या पान १२८-१२९ आणि १४४-१४५ ची छायाचित्रे, बिलाची प्रत