विषय : मागच्या अंगणातला कडुनिंब, पेव्हर ब्लॉक आणि कोनोकार्पस – चौथा अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

महोदय,

पहिला अर्ज जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात दिला होता. आज मे उजाडला. तिन्ही अर्जांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. उपविधींप्रमाणे सभासदाची तक्रार पुढच्याच मिटिंगमध्ये घेऊन १५ दिवसांत लेखी कळवायचं असतं. मी वाट बघत राहिले आणि फेब्रुवारीत ब्लॉक बसलेसुद्धा.

मागे कडुनिंब, करंज आणि बहावा होता. २०१२ च्या पावसाळ्यात ब विंगमधल्या सात-आठ घरांनी लावलेली झाडं. पुढचा उन्हाळा दुष्काळाचा निघाला. सोसायटीत टँकर येत होता, तेव्हा धुण्याचं पाणी बादलीने उतरवून ती जगवली. तिसऱ्या वर्षानंतर त्यांना कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. आपल्या मातीतली झाडं आहेत, इथलं ऊन त्यांना माहीत आहे.

क विंगच्या तळमजल्यावरच्या एका सभासदांच्या गाडीवर पाला पडतो. पानगळ दोन-तीन आठवड्यांची. पण त्यांच्या एका तोंडी तक्रारीवर करंज आणि बहावा गेला, कडुनिंबाच्या गाडीकडच्या फांद्या उतरवल्या आणि बुंध्याला घासून ब्लॉक टाकले. माझे लेखी अर्ज मात्र फायलीत. याच सभासदांनी यंदा पाडव्याला गुढीसाठी त्याच झाडाचा डहाळा नेला. नेऊ दे, झाड सगळ्यांचंच आहे. पण मग पालाही सगळ्यांनी सोसावा.

झाड तोडण्याची महापालिकेची परवानगी मी दोनदा मागितली, अजून कुणी दाखवलेली नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही 'तोडणं'च धरलं आहे. हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. दिल्लीच्या झाडांना श्वास लागतो आणि आमच्या झाडाला नाही का?

करंजाच्या जागी आलेले ती कोनोकार्पसची बारा झाडं परदेशी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्यांच्या लागवडीवर बंदी घातली. परागामुळे सर्दी-खोकला-दमा, मुळं ड्रेनेज आणि केबलमध्ये घुसतात, अशी कारणं दिली होती. शिवाय लॉन. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात बोअर लावून रोज गवत भिजवायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

पारा ४२ च्या वर जातो तेव्हा फरक अंगाला कळतो. गेल्या वर्षीपर्यंत दुपारी बायका करंजाखाली शेंगा फोडत बसायच्या. परवा अकरा वाजता सासूबाई तुळशीला पाणी घालायला अनवाणी गेल्या आणि चार पावलांतच परत आल्या. तळव्याला फोड आला होता, त्यावर खोबरेल लावलं. उन्हाळे वाढत चाललेत म्हणून आपण जिन्यात रोज बोलतो, आणि असलेली सावली आपणच काढून टाकतो.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. ब विंगमधले बहुतेक सभासद माझ्याशी सहमत आहेत. वाईटपणा नको म्हणून दोघी-तिघींनी नाव घालू नका म्हटलंय, बाकीच्यांच्या सह्या केव्हाही आणून देते.

कडुनिंबाभोवतीचे एक मीटरमधले ब्लॉक या आठवड्यात काढावेत. मृगाच्या आत कोनोकार्पस काढून ती पट्टी आमच्याकडे द्यावी, खर्च आम्ही करू. सदर गाडीसाठी पुढच्या शेडमध्ये सेक्रेटरींच्या गाडीशेजारची जागा गेलं वर्षभर रिकामी आहे.

करंज पाडला त्या दिवशी शेंगा वेचून ठेवल्या होत्या. त्याची नऊ रोपं माझ्या बाल्कनीत वीतभर झाली आहेत.

आपली विश्वासू,
सभासद, ब-२०३