डिझेलचं पेट्रोल करण्याआधी ब्रेक आणि आरसी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या डिझेल व्हॅनचं इंजिन उतरवून त्या जागी पेट्रोलचं चढवायचं, हा विचार सध्या आमच्या खानापूर-बेळगाव भागात बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. मी ते गेल्या वर्षी करून बसलो आहे. माझी व्हॅन भाजीची. पहाटे बेळगावच्या बाजारात माल भरायचा, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि साखळीवरून म्हापसा गाठायचं. याच रस्त्यावर पोट असलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझ्या गाडीचा इंजिनात डिझेल सोडणारा पंप आणि नोझल दोन्ही दुरुस्तीला आले होते, सकाळी चालू करताना धुराचा लोट निघायचा. त्यात गावात कुणीतरी उठवून दिलं होतं की दहा वर्षं झालेली डिझेल गाडी आता सरकार उचलून नेणार. मी घाबरलो. हा दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे, हे मला फार उशिरा कळलं. हरित लवादाने 2015 मध्ये तो आदेश दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. आपल्याकडे मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस करावं लागतं. गाडी त्यात पास होते तोवर निव्वळ दहा वर्षं झाली म्हणून ती कुणी नेत नाही. या एका अफवेपायी किती जणांनी चांगली इंजिनं भंगारात घातली असतील, या विचाराने जीव तुटतो.

मिस्त्री म्हणाले, "पेट्रोल घाला मालक. आवाज नाही, धूर नाही, उद्या वाटलं तर सीएनजीचं किटपण बसतंय." बोलणं खोटं नव्हतं. जुनं पेट्रोल इंजिन मिळालं. पण ते आमच्या गिअरबॉक्सला सरळ बसत नाही, मधे जाड लोखंडी प्लेट लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काय होत नाही? प्लेट झाली. मात्र इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य किंचित जरी चुकला तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. माझं महिन्याभरात ओरडायला लागलं. ते एक वेळ परवडलं.

खरा घोळ ब्रेकचा होता. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा हवा अडवणारा पडदा नसतो, त्यामुळे त्याच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भागात, ब्रेक बूस्टरला (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळ गाड्यांत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. जुनं इंजिन उतरलं तेव्हा अल्टरनेटर गेला आणि त्याच्याबरोबर पंपही गेला. पेट्रोलमध्ये बूस्टरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडायची असते, मधे एकाच बाजूने हवा सोडणारा व्हॉल्व्ह घालून. माझ्या गाडीत काय केलं होतं? नळीच्या तोंडात एक बोल्ट कोंबून वरून क्लिप आवळली होती.

पहिली फेरी रिकामीच, जांबोटीपर्यंत घेतली. पेडल लाकडासारखं घट्ट. दोन्ही पायांनी दाबलं तेव्हा गाडी थांबली, तीही वळण संपल्यावर. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "ब्रेक लागतोय की!" लागत होता, हे खरंच. पण पाठीवर टनभर कोबी असता आणि समोर चोर्ल्याचं वळण, तर हे पत्र दुसऱ्या कुणाला तरी लिहावं लागलं असतं. नवीन इंजिन चढवलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, बूस्टरची नळी कुठे जाते ते आज स्वतः वाकून बघा. मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. तसंच पायाखाली धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतो आहे. नाही गेलं तर घाटाला निघू नका.

टाकीचंही सांगतो. उरलेल्या डिझेलवर पेट्रोल ओतलं तर इंजिन ठोकतं आणि धूर सोडतं, म्हणून टाकी उतरवून धुवावीच लागते. आणि झाकणावरचं "डिझेल" हे अक्षर खरवडून काढा. निपाणीजवळच्या एका पेट्रोल पंपावर पोराने ते वाचून डिझेलची नळी आत घातली होती. पाच लिटर गेल्यावर मी ओरडलो. त्याची काही चूक नव्हती.

आता कागदांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि इथे तर इंजिन नंबर, इंधन, सीसी सगळंच बदलतं. बिनपरवाना बदलाला 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर पैसे अडकतात ते वेगळंच. मी आधी इंजिन चढवलं आणि मग कागदाच्या मागे लागलो. अगदी उलटं करायला हवं होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे जुनं इंजिन मी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिलं. आज परत डिझेल करायचं म्हटलं तरी ते आरसीवरच्या नंबरचं इंजिन माझ्याकडे नाही. घेतलेल्या इंजिनाची पावती आणि ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद मी मागितले नव्हते, तेही आता मागितले जात आहेत.

हिशोबानेही सांगतो, माल घेऊन घाट करणाऱ्याने पंप-नोझलचा खर्च सोसावा. डिझेल खालच्या आरपीएमला ओढतं, पेट्रोल चढावर पिळावं लागतं. माझी व्हॅन लिटरला बारा द्यायची, आता आठवर आली आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्याला, सीएनजी बसवणाऱ्याला कदाचित परवडेल, माझा त्याला विरोध नाही.

परिवहन खात्याला एकच विनंती आहे. इंजिन बदलायचं असेल तर आधी कोणता अर्ज, कोणते कागद, तपासणीत काय बघणार, हे एका पानावर कन्नडमध्ये आणि मराठीतही छापून कार्यालयाच्या भिंतीवर आणि गॅरेजांमध्ये लावावं. मला तीन एजंटांनी तीन गोष्टी सांगितल्या. आणि तपासणीत बूस्टरची नळी बघण्याचा एक रकाना त्यात असावा. चतुर्थीला गोव्याची भाजी वाढते, घाटात तेव्हा पाऊस आणि धुकं असतं. त्याच्या आत हे झालं तर फार बरं होईल.

माझी व्हॅन सध्या दारात उभी आहे. मी दुसऱ्याची गाडी भाड्याने घेऊन माल नेतो आहे.

आपला,
एक भाजी वाहतूकदार,
ता. खानापूर, जि. बेळगाव