हरिपूरला पूरपातळी मोजणारी स्वतंत्र पट्टी हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीला लागून असलेले हरिपूर आता नुसते कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव राहिलेले नाही. सकाळी इथली माणसे सांगलीच्या पेठेत, विश्रामबागेत, मिरजेच्या दवाखान्यांत, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात आणि रात्री मुक्कामाला परततात. त्यांच्यासाठी रानांचे गुंठे पडत आहेत. गाव वाढावे, याला आमची हरकत नाही. पण घराचे जोते किती उंच घ्यायचे, हा हिशेब चुकीच्या आकड्यावर चालला आहे.

तो आकडा सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरील पाणीपातळीचा. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मात्र हा पूल संगमाच्या वरच्या अंगाला आहे आणि वारणा कृष्णेला मिळते ती त्याच्या खाली, हरिपूरला. वारणेवरच्या चांदोली धरणातून सुटलेल्या पाण्याचा ताण आधी इथल्या घाटावर येतो; पुलावर तो उशिरा आणि कमी दिसतो. त्यामुळे ‘आयर्विनला ४५ म्हणजे आपल्या गल्लीत अमुक’ हे गणित दर पुरात जुळेलच असे नाही.

शिवाय जमिनीचा उतार फसवा आहे. नदीने वर्षानुवर्षे गाळ टाकून काठ उंच केला आणि जुने गावठाण त्या उंचवट्यावर बसले. हळद साठवायची पेवेही (जमिनीखालची कोठारे) अशाच कोरड्या, घट्ट जमिनीत खोदलेली. २००५ च्या पुराने त्यातली पुष्कळ निकामी केली. आजचे प्लॉट पडतात ते मागच्या खोलगट काळ्या रानात. तिथे पाणी काठ ओलांडून येत नाही, ते ओढ्या-नाल्यांतून उलटे, मागच्या बाजूने शिरते. नदीकडे बघत बसलेल्याला ते कळतही नाही.

यावर सगळे एकच उपाय करतात, मुरमाचा भराव. एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, तीन फूट उचलायचा तर सुमारे ३३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागतो. दबाई धरली तर ४० च्या आसपास. तो नऊ-नऊ इंचांच्या थरांत पाणी मारून रोलरने बसवावा लागतो. इथे तो ट्रॉलीतून ओतून नुसता पसरतात. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन-तीन वर्षांत जोत्याला तडे जातात. आणि प्रत्येकाचा भराव शेजाऱ्याच्या दारात पाणी ढकलतो. चर बुजवून केलेला रस्ता तर सगळ्या वसाहतीलाच बांध घालतो.

बांधकाम नियमावलीनुसार निळ्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, वर हवे. खोलगट जागी हे भरावाने साधत नाही. खांबांवर घर उचलून खालचा मजला गाड्यांसाठी मोकळा ठेवावा लागतो. प्लॉट घेण्याआधी पाटबंधारे खात्याकडून जवळच्या ठिकाणची लाल रेषेची मीटरमधली पातळी घ्यावी आणि सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) ती प्लॉटवर आणून बघावी. विसारापूर्वी हे करणारा आम्हाला क्वचितच दिसतो.

बांधून झालेल्या घरांत निदान एवढे करावे: विजेचा मीटर आणि मुख्य स्विच २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर न्यावेत, शौचालयाच्या बाहेर जाणाऱ्या नळाला उलटे पाणी अडवणारी झडप बसवावी. घर सोडताना जमिनीखालची टाकी रिकामी ठेवू नये. भूजल चढले की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि जोडलेले नळ तुटतात. परतल्यावर ते पाणी काढून टाकावे, टाकी घासून ब्लीचिंग पावडरने धुवावी आणि मगच भरावी.

पाटबंधारे खात्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे आमची मागणी साधी आहे. संगमेश्वराच्या घाटावर फुटांची स्वतंत्र पट्टी रंगवावी आणि पावसाळ्यात तिचे आकडे आयर्विनच्या आकड्यांबरोबर रोज जाहीर करावेत. हरिपूर रस्त्याच्या आणि नव्या वसाहतींच्या विजेच्या खांबांवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा कराव्यात. त्या वेळच्या रेषा अजून काही भिंतींवर दिसतात. पुढच्या रंगकामात त्या जातील, म्हणून हे काम या उन्हाळ्यातच व्हावे.

— हरिपूर रस्ता परिसरातील काही रहिवासी, सांगली