टेबलावरचा डोंगर पुठ्ठ्याचाच करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप गेम्सवर, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या लढायांवर लेख आला होता, आमच्याकडे सगळ्यांनी वाचला, लेख चांगलाच होता पण त्यात हा छंद महागडा आहे, परदेशातून सेट मागवावे लागतात असं जे लिहिलंय ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. सैनिक विकत घ्यावे लागतात हे मान्य. पण ते ज्यावर लढतात ते डोंगर, तटबंदी, वाडे, झाडं, ज्याला मुलं टेरेन म्हणतात, त्यासाठी बाहेर पैसे घालवायची गरजच नाहीये, ते सगळं सामान आपल्या माळ्यावर आणि स्वयंपाकघरात पडलेलं असतं.

मी नाशिकची. भाचा कॉलेजला आहे, त्याचा ग्रुप शनिवारी आमच्या हॉलमध्ये खेळतो, १५ मिलिमीटर उंचीचे छोटे सैनिक, फासे, मोजपट्टी असा सगळा पसारा. सुरुवातीला ही पोरं पुस्तकांचे गठ्ठे रचून वर हिरवी चादर टाकायची आणि त्याला डोंगर म्हणायची. आता चार वर्षं झाली, त्यांचं टेरेन मी करते. मला हे नवीन अजिबात वाटलं नाही कारण लहानपणी दिवाळीत आम्ही भावंडं किल्ला करायचो, माती, विटा, जुनं गोणपाट, वर अळीव पेरायचे, तोच हात इथे चालतो. फरक एवढाच की दिवाळीचा किल्ला बघायचा असतो आणि हा खेळायचा असतो, त्यामुळे इथे माप पाहिजे.

मापाचं आधी सांगते, कारण लोक तिथेच चुकतात. १५ मिलिमीटरच्या सैनिकांचे बेस, म्हणजे ज्या पट्ट्यांवर ते चिकटवलेले असतात त्या, साधारण ४ सेंटीमीटर रुंद असतात, म्हणजे डोंगराची प्रत्येक पायरी निदान ५ सेंटीमीटर तरी सपाट हवी, नाहीतर सैनिक घसरून पडतात आणि रंग उडतो. निमुळता सुंदर उतार बघायला छान दिसतो पण खेळताना काही कामाचा नाही. दरवाजा करताना सैनिकाच्या उंचीत बेसची जाडी धरायची, मी पहिला महादरवाजा केला तेव्हा ती धरली नव्हती आणि एकही भालेकरी आत जाईना, सगळा कापून परत केला.

आम्ही केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे साल्हेर. आमच्याच जिल्ह्यातला, बागलाणातला किल्ला, समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंच, आणि १६७२ च्या फेब्रुवारीत त्याच्या पायथ्याला मराठे आणि मोगल मोकळ्या मैदानावर समोरासमोर लढले, मराठ्यांकडून प्रतापराव आणि मोरोपंत होते. भाच्याला हीच लढाई टेबलावर पाहिजे होती. आता १५ मिलिमीटरच्या सैनिकाच्या हिशेबाने साल्हेर करायचा तर तो घराच्या छताच्याही वर जाईल, म्हणून उंची दाबावी लागते, आम्ही ४ टप्प्यांत बसवला. आणि इथे मला एक गोष्ट लक्षात आली जी मला फार आवडते. आपला सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलाय, एकावर एक, म्हणून कडा पायऱ्यांसारखा दिसतो, आणि पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवले की अगदी तसाच कडा आपोआप होतो! परदेशातल्या गोल गोल हिरव्या टेकड्या पुठ्ठ्यातून करायला जास्त कष्ट पडतील, आपला डोंगर मात्र पुठ्ठ्यासाठीच आहे असं मला वाटतं.

पद्धत अशी. फ्रिज किंवा मिक्सरचं खोकं घ्यायचं, दोन तुकडे चिकटवताना एकाच्या आतल्या नागमोडी पन्हाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे ते वाकत नाही. फेविकॉल पातळ लावायचा आणि वर रात्रभर पोळपाट, वरवंटा, डबे काय असेल ते वजन ठेवायचं, हे केलं नाही तर ओला पुठ्ठा सुकताना पापडासारखा वर उचलतो. रंगसुद्धा एकाच बाजूला दिला की तेच होतं, खालच्या बाजूला पण एक हात मारायचा. कड्याच्या कडा कात्रीने गुळगुळीत कापू नका, हाताने थोड्या फाडा, मग त्यावर रांगोळी आणि फेविकॉल कालवून जाडसर लेप द्या. रांगोळी म्हणजे दगडाचीच पावडर, सुकली की खडबडीत खडक तयार. त्यावर आधी काळा रंग, मग राखाडी, मग ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि पांढरट रंग नुसता वरवर फिरवायचा, उंचवट्यांवर तेवढा रंग बसतो आणि दगड जिवंत दिसतो. माझ्या मते पूर्ण टेरेनमध्ये एवढं एक तंत्र जमलं तरी पुष्कळ झालं.

बाकी सामान सांगत बसले तर पुरवणी लागेल, पण थोडं सांगतेच. चहाचा चोथा धुऊन उन्हात कडकडीत वाळवला की जंगलातला पालापाचोळा होतो, नीट वाळला नाही तर बुरशी येते. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात मळून वाळवला की गवत, हे दिवाळीच्या किल्ल्यावर पण करतातच. काथ्याचं जुनं पायपुसणं कापलं की उभं पीक. भांड्याची हिरवी घासणी फाडून कुंपणाची झुडपं, जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून झाडाचं खोड आणि त्यावर स्पंजचे बारीक तुकडे. पुठ्ठ्याचा वरचा एक कागद ओला करून सोलून काढला की आत पन्हाळी पत्रा निघतो, झोपडीला, गोदामाला लावा. अंड्याचा ट्रे फाडून चौकोनी तुकडे चिकटवले की तटबंदीचे चिरे, वाड्याच्या विटांना गेरू. रद्दीचे तुकडे चिकटवायला काहीजण कणकेची खळ वापरतात, ती स्वस्त पडते पण पुढे तिला कसर लागते, वर्षभर ठेवायचं असेल तर फेविकॉलच बरा.

थर्माकोलबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. हलकं, भराभर कापता येतं म्हणून सगळे त्याच्याकडे धावतात. २०१८ पासून सजावटीचं थर्माकोल आपल्या राज्यात बंद आहे तरी मुलं स्टेशनरीच्या दुकानात मागायला जातात. टीव्हीच्या खोक्यातून घरी आलेलंच असेल तर ते वापरा, पण त्यावर कागद आणि फेविकॉलचा थर द्या म्हणजे त्याचे मणी सुटून गटारात जाणार नाहीत. गरम तारेने कापायचं असेल तर खिडकी उघडी ठेवून आणि मोठं माणूस जवळ असतानाच, तो धूर चांगला नसतो. आणि डब्यातला स्प्रे रंग त्यावर थेट मारू नका, थर्माकोल विरघळतं. आमचा एक आख्खा बुरूज असा माझ्या डोळ्यांसमोर खड्डा पडून बसला, आठ दिवसांचं काम होतं, भाचा रडवेला झाला होता. तेव्हापासून आमच्याकडे पुठ्ठाच.

आणि महागडा छंद म्हणताना एक जुनी गोष्ट पण लक्षात घ्यावी. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियातल्या माणसाने असा युद्धाचा खेळ राजाला भेट दिला, त्यात डोंगर, नद्यांचे तुकडे हवे तसे मांडता यायचे असं खास टेबल होतं. पण त्याआधी तो हाच खेळ ओल्या वाळूत मांडायचा! राजापुढे वाळू कशी न्यायची म्हणून त्याने ते टेबल घडवलं. म्हणजे मूळ वाळूच, आपल्या अंगणातल्या किल्ल्यासारखी, थाट नंतर आला.

आता एक विनंती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवरायांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात आमचा साल्हेर पण आहे. मुलांना हे नुसतं पाठ करायला लावण्यापेक्षा राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी एकदा पुठ्ठ्यातून करायला द्या, आणि मग त्यावर हल्ला करून बघू द्या, तेव्हा ती दुहेरी का बांधली ते त्यांना आपोआप समजतं, आमच्या पोरांना असंच समजलं. तुम्ही दरवर्षी दिवाळीत वाचकांच्या किल्ल्यांचे फोटो छापता. यंदा त्यात ज्यावर खेळता येईल अशा, घरच्या टाकाऊ सामानाच्या किल्ल्यांसाठी वेगळी चौकट ठेवाल का? तयार प्लास्टरचे किल्ले आणून मांडणारे वाढलेत, आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी ५ पैकी ३ तसेच होते, मुलांचे हात मातीला लागलेच नाहीत, मला खूप वाईट वाटलं.

जागा दिलीत तर साल्हेरच्या चारही थरांची मापं आणि कापायचे आकार मी कागदावर काढून पाठवते. एका फ्रिजच्या खोक्यातून दोन किल्ले होतात.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
नाशिक