हुशार आहे, करेल की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या पुरवणीत ब्रिटनमधल्या मराठी मुलांच्या यशाचं पान आलं होतं. ए-लेव्हलचे, म्हणजे तिथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे, निकाल लागले होते. कोणी ऑक्सफर्डला चाललं होतं, कोणी लंडनच्या इम्पीरियलला, कोणी मेडिकलला. मुलांचे हसरे फोटो पाहून फार बरं वाटलं. पण दोघा-तिघा पालकांच्या तोंडी एकच वाक्य होतं : 'तो मुळातच हुशार, आम्हाला काही करावंच लागलं नाही.' ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळची सांगलीची. गेली अठरा वर्षं लेस्टरजवळच्या एका सरकारी शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये भौतिकशास्त्र शिकवते. सिक्स्थ फॉर्म म्हणजे इथली शाळेची शेवटची दोन वर्षं, सोळा ते अठरा वयाची मुलं, आपल्याकडची अकरावी-बारावी म्हणा. ऑक्सफर्ड-केंब्रिज, मेडिकल, डेंटल अशा चुरशीच्या ठिकाणी अर्ज करणाऱ्या मुलांची जबाबदारी सात वर्षांपासून माझ्याकडे आहे. या सात वर्षांत हुशार मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं होताना पाहिलं असेल, तर ते 'हुशार आहे, करेल की' या चार शब्दांनी. घरचे म्हणतात, शिक्षकही म्हणतात. ज्यांची पास व्हायची मारामार त्यांच्याकडे आधी पाहावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण मग ज्या मुलीची वही कधी लाल होत नाही, तिच्याशी दोन वर्षांत कोणी दहा मिनिटं बसून बोललेलं नसतं.

आपल्या लोकांना जेईई आणि नीट ठाऊक आहेत. एक परीक्षा, एक रँक, पुढचं सगळं त्यावर. इथे रँक नाही. यूकास नावाच्या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून अर्ज जातो, त्यात जास्तीत जास्त पाच पर्याय. मेडिकलचे त्यातले चारच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एका वर्षी एकच निवडता येतं. या दोन विद्यापीठांसाठी आणि मेडिकल, डेंटल, व्हेटरनरीसाठी मुदत १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६. बाकीच्यांना जानेवारीपर्यंत वेळ असतो. मेडिकलसाठीची युकॅट ही परीक्षा मात्र जुलै ते सप्टेंबर याच काळात होते आणि वर्षातून एकदाच देता येते. अशाच आणखी प्रवेशपरीक्षा : कायद्यासाठी काही विद्यापीठांत एलनॅट, केंब्रिजच्या इंजिनीअरिंगला ईसॅट, तिथल्याच गणिताला ए-लेव्हलबरोबर स्टेप. शिवाय मुलानं स्वतःविषयी लिहायचं ४,००० अक्षरांचं निवेदन. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलं गेलं आहे.

आणि हा अर्ज करताना मुलाच्या हातात ए-लेव्हलचा निकाल नसतो! तो येतो पुढच्या ऑगस्टमध्ये. विद्यापीठापुढे असतात ते शिक्षकांनी वर्तवलेले ग्रेड. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गिल वायनेस यांनी या अंदाजांचा अभ्यास केला, तेव्हा फक्त १६ टक्के मुलांचे तिन्ही विषयांतले ग्रेड अंदाजाप्रमाणे आले होते. बहुतेकांचे अंदाज फुगवलेले होते. मात्र कमी उत्पन्नाच्या घरातल्या अतिशय हुशार मुलांचे अंदाज त्यांच्यासारख्याच हुशार पण सुस्थितीतल्या मुलांपेक्षा जास्त वेळा कमी वर्तवलेले निघाले. जिच्या बाजूनं बोलायला घरी कोणी नाही, तिचा ग्रेड शाळेतही दबकतच लिहिला जातो. म्हणून प्रत्येक पालकाला मी सांगते : जून-जुलैत शाळेत जा आणि 'माझ्या मुलीचे ग्रेड काय धरलेत?' हे स्पष्ट विचारा. यात उद्धटपणा काही नाही. इथले शिक्षक अशा प्रश्नाचा राग मानत नाहीत.

२०२४ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. दुसऱ्या गावातल्या, ओळखीच्या एका मराठी बाईंचा रात्री साडेनऊला फोन आला. त्या केअर होममध्ये काम करतात. मुलीला जीसीएसईत, म्हणजे इथल्या दहावीत, सगळ्या विषयांत ९, म्हणजे सर्वांत वरचा ग्रेड, आणि लहानपणापासून डॉक्टर व्हायचं मनात. म्हणाल्या, "ताई, ते युकॅट म्हणजे काय असतं हो? तिच्या मैत्रिणीनं दिलं म्हणतात." माझ्या पोटात खड्डा पडला. परीक्षेचे दिवस संपून गेले होते. मुलीनं फोन घेतला, सगळं ऐकलं, 'ओके' म्हणाली आणि परत आईकडे दिला. तिच्या शाळेचं नाव मी घेणार नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. हुशार मुलीला हे माहीतच असणार, असं प्रत्येकानं धरलं होतं, तिच्या आईनंही. तिचं एक वर्ष गेलं. त्या वर्षात तिनं आईच्याच केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना भरवायचं, अंघोळ घालायचं काम केलं, पुढच्या उन्हाळ्यात युकॅट दिली आणि यंदा तिला एका मेडिकल स्कूलची ऑफर आली आहे. ते वर्ष वाया गेलं असं ती स्वतः म्हणत नाही. पण असा योग जुळून न आलेली मुलंही मी पाहिली आहेत.

माहिती असणारी घरं आणि शाळा किती पुढे जातात, याचा एक आकडा सांगते. सटन ट्रस्ट ही संस्था शिक्षणातल्या समान संधीसाठी काम करते. तिच्या २०१८ च्या अहवालात तीन वर्षांचे प्रवेश मोजले होते. आठ शाळांतून ऑक्सफर्ड-केंब्रिजला १,३१० मुलं गेली. दुसऱ्या बाजूला तब्बल २,८९४ शाळा मिळून १,२२०. त्या आठ शाळांमध्ये प्रत्येक टप्पा कधी येतो हे ठाऊक असलेली, दरवर्षी तेच काम करणारी माणसं बसलेली असतात. हे सरकारी शाळेलाही जमतं. पूर्व लंडनच्या न्यूहॅममधल्या ब्रॅम्पटन मॅनर या शाळेच्या मुलांना २०२१ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ५५ ऑफर आल्या. ईटन या नामांकित खाजगी शाळेला त्या वर्षी ४८ होत्या. न्यूहॅम श्रीमंतांची वस्ती नाही, हे लंडन पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

आता यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखती साधारण डिसेंबरात होतात. प्राध्यापक मुलापुढे कधी न पाहिलेला प्रश्न ठेवतात आणि ते मूल विचार कसं करतं ते पाहतात. आमच्या मुलांना, त्यातही भारतीय घरांतल्या मुलांना, नेमकी याचीच सवय नसते. उत्तर येत असेल तरच तोंड उघडायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं.

माझ्याकडे एक मुलगा होता, वडील गोदामात रात्रपाळी करायचे. कोणताही पेपर द्या, पूर्ण गुण. एका मंगळवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत विजेची किटली लावली आणि विचारलं, "पाणी उकळायच्या आधी ही एवढा आवाज का करते? आणि खळखळून उकळायला लागलं की तोच आवाज कमी का होतो?" तो गप्प. पाणी उकळून किटली बंद पडली तरी गप्प. मग हळूच म्हणाला, "हे आम्हाला शिकवलेलं नाही, मिस." मी म्हटलं, "म्हणूनच विचारलंय. चुकीचं बोल, पण मोठ्यानं बोल." मग काचेच्या चंचुपात्रात पाणी घेऊन ते तापत ठेवलं आणि दोघं त्यात डोकावून बसलो. तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज फुटला. "सुटतायत... पण वर येत नाहीयेत. मध्येच जातायत." कुठे जातायत? "वरचं पाणी अजून गार आहे. वाफेचं परत पाणी होतंय." मग बुडबुड्याचं काय होतं? त्यानं हाताची मूठ उघडली आणि एकदम मिटली. "आत कोसळतो! तोच आवाज!" आणि पुढचं मला विचारावंच लागलं नाही. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे कोसळणार नाहीत, सरळ वर येऊन फुटतील, म्हणून आवाज मऊ होणार. पन्नास मिनिटं गेली होती. त्याचे कान लाल झाले होते. दोन वर्षांत मी त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

पुढचे सहा मंगळवार आम्ही असेच बसलो. यासाठी क्लास लागत नाही, पैसे लागत नाहीत. समोर एक मोठं माणूस लागतं, जे 'का?' विचारून गप्प बसू शकतं. ते माणूस भौतिकशास्त्राचंच हवं असंही नाही. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता 'आज काय शिकलास ते मला समजेल असं सांग' म्हणणारी आई हे काम उत्तम करते, आणि ते मराठीतून झालं तरी चालतं.

त्या मुलाला केंब्रिजची जागा मिळाली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या पानावर अशी मुलं येत नाहीत. ऑक्सफर्डला दरवर्षी २३ हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा साधारण ३,३००. म्हणजे नकार मिळणारी मुलंच जास्त, आणि तीसुद्धा अव्वल. नकाराचा ईमेल आला त्या दिवशी तो दुपारी माझ्या खोलीत येऊन नुसता बसला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'नाही' म्हटलं होतं. घरी कसं सांगू, एवढंच विचारत होता. आज तो दुसऱ्या चांगल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकतो आहे आणि सुट्टीत येऊन आमच्या मुलांच्या सराव मुलाखती घेतो. पण त्या दुपारी त्याला ते ऐकवून उपयोग नव्हता. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : तो दिवस येण्याआधीच मुलाला सांगून ठेवा की जागा मिळाली नाही तरी या घरात कोणाचं तोंड उतरणार नाही. आणि ते खरं करा.

नव्यानं इकडे आलेल्या आयटीतल्या आणि एनएचएसमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, मराठी कुटुंबांसाठी दोन गोष्टी. पहिली, मुलाला पाच-पाच ए-लेव्हल घ्यायला लावू नका. विद्यापीठं तीन मागतात. गणित किंवा इंजिनीअरिंगसाठी फर्दर मॅथ्स, म्हणजे वरच्या पातळीचं गणित, हा चौथा विषय असला तर ठीक. दुसरी गोष्ट फीची. तीन वर्षं ब्रिटनमध्ये राहिलं की स्थानिक फी लागू होते, असा समज सर्रास आढळतो. त्याबरोबर अभ्यासक्रम सुरू होताना कायम वास्तव्याचा दर्जाही लागतो. वर्क व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना सहसा परदेशी विद्यार्थ्यांची फी पडते, आणि मेडिकलच्या तर परदेशी मुलांसाठीच्या जागाच मोजक्या आहेत. यिअर थर्टीनमध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षी, हे कळून रडलेली मुलं मला माहीत आहेत. हे यिअर टेनमध्ये कळायला हवं.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी सोयी आहेत. सटन ट्रस्टच्या आणि ऑक्सफर्डच्या युनिक या उन्हाळी शाळा मोफत असतात, पण त्यांना यिअर ट्वेल्व्हमध्येच अर्ज करावा लागतो. स्टेपच्या तयारीचं साहित्य केंब्रिज फुकट देतं. युकॅटची फी गरजू मुलांना माफ होते.

आपण रँग्लर परांजप्यांचं नाव अभिमानानं घेतो. दापोलीजवळच्या मुरडीचा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला आला. पण त्या मुलाच्या शिक्षणाची काळजी वाहणारे नात्यातले धोंडो केशव कर्वे होते, हे आपण त्याच दमात सांगत नाही.

संपादक महाशय, अभिनंदनाचं पान ऑगस्टमध्ये जरूर काढा. पण तसंच एक पान मे महिन्याच्या पहिल्या रविवारी द्या, युकॅटची नोंदणी, ग्रेडची चौकशी, १५ ऑक्टोबर, सगळ्या तारखा मोठ्या अक्षरांत छापून. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन. तपासून द्यायला इथल्या दोन मराठी डॉक्टर मैत्रिणी तयार आहेत. एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत कळवलंत तर वेळेत पाठवते.

आपली नम्र,
एक शिक्षिका, लेस्टर (इंग्लंड)